घरच्या घरी ग्रॅनाइटची फरशी कापताना: नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

घराचे काम संपले की ग्रॅनाइटचे दोन-चार तुकडे हमखास कुठेतरी भिंतीला टेकून उभे राहतात. न्हाणीघराचा उंबरा, खिडकीखालची पट्टी, पाण्याच्या पिंपाखालची फरशी अशा किरकोळ कामांना ते उपयोगी पडतील असे आपल्याला वाटत असते, आणि एवढ्याशा कामासाठी फरशीवाला मिस्त्री यायला तयार नसतो. मग घरात मार्बल कटर येतो. हे यंत्र हाताळायला सोपे दिसते, बाजारात सहज मिळते आणि फारसे महागही नसते. त्यामुळे पुरेशी तयारी न करताच ते चालू करण्याचा मोह होतो. पुढील मजकूर अशाच पहिल्यांदा यंत्र हाती घेणाऱ्यांसाठी आहे. उदाहरणादाखल १८ मिलिमीटर जाडीच्या ग्रॅनाइटमधून ३० इंच लांब आणि ५ इंच रुंद असा उंबरा कापायचा आहे, असे येथे धरले आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करावी. लाकूड करवतीने चिरले जाते, दगड मात्र झिजवला जातो. मार्बल कटरच्या चकतीला दात नसतात. तिच्या कडेवर धातूच्या भुकटीत रुतवलेले हिऱ्याचे बारीक कण असतात आणि ते कण दगड खरवडत पुढे जातात. म्हणून यंत्र जोराने दाबल्याने काम लवकर होत नाही. उलट चकती तापते, यंत्राचा वेग पडतो आणि कापाच्या कडेचे टवके उडतात. दगड कापण्याच्या कामात घडणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ घाईतच असते.

दगड ओळखून घ्यावा

आपल्याकडे घरांत दिसणाऱ्या फरश्यांपैकी शहाबादी, कडप्पा आणि कोटा हे तिन्ही चुनखडकाचे प्रकार आहेत. ते ग्रॅनाइटच्या मानाने मऊ असतात. संगमरवरही मऊच असतो. ग्रॅनाइटमध्ये मात्र क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार ही कठीण खनिजे असतात. खनिजांचा कठीणपणा मोजण्याच्या मोह्झ श्रेणीत संगमरवरातील कॅल्साइट ३ वर आणि क्वार्ट्झ ७ वर आहे, एवढ्यावरूनच दोन्हींतला फरक ध्यानात यावा. बाजारात ज्याला काळा ग्रॅनाइट म्हणतात तो शास्त्राच्या दृष्टीने बरेचदा गॅब्रो किंवा डोलेराइट असतो. त्यात क्वार्ट्झ फार कमी असते, पण तो चिवट असतो आणि त्याच्या चकाकत्या पृष्ठावर छोटासा टवकाही लगेच नजरेत भरतो. दगड कोणता आहे याची शंका असल्यास त्याच्या मागच्या, पॉलिश नसलेल्या बाजूवर लिंबाच्या रसाचे दोन थेंब टाकून पाहावेत. बारीक बुडबुडे आले तर तो चुनखडकाच्या कुळातला समजावा.

येथेच धुळीविषयी सांगितले पाहिजे, कारण या कामातला सर्वांत मोठा धोका डोळ्यांना न दिसणाऱ्या धुळीचा आहे. क्वार्ट्झ म्हणजे स्फटिकरूप सिलिका. कोरडा दगड कापला की तिचे अतिसूक्ष्म कण हवेत तरंगत राहतात, श्वासावाटे फुप्फुसांत खोलवर जातात आणि तेथे कायमचे व्रण करतात. यालाच सिलिकोसिस म्हणतात आणि झालेली हानी भरून काढणारे औषध नाही. गुजरातेत खंबात येथे अकीक घासणाऱ्या कारागिरांमध्ये आणि राजस्थानच्या खाणकामगारांमध्ये या रोगाने पिढ्या पोखरल्या आहेत. राजस्थान सरकारला २०१९ मध्ये त्यासाठी स्वतंत्र धोरण आणावे लागले. सिलिकेची धूळ कर्करोगालाही कारणीभूत ठरते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्येच नमूद केले आहे. ओट्यासाठी अलीकडे लोकप्रिय झालेल्या कृत्रिम क्वार्ट्झच्या फरशीत तर सिलिकेचे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या आसपास असू शकते. ऑस्ट्रेलियाने अशा कृत्रिम दगडावर १ जुलै २०२४ पासून बंदी घातली. ती फरशी घरी कापूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उंबऱ्यासाठी दोन-चार काप घेणाऱ्याला वर्षानुवर्षे खाणीत राबणाऱ्या कामगाराएवढा धोका नसतो, हे खरे. तरीही घरात लहान मुले असतात, वृद्ध असतात, आणि एका कोरड्या कापाची धूळ पडद्यांत आणि गाद्यांत दिवसेंदिवस राहते. म्हणून काप पाण्यातच घ्यावा आणि तोही उघड्यावर घ्यावा, हा नियम मोडू नये.

यंत्र आणि चकती

घरगुती कामाचा मार्बल कटर साधारण १२०० ते १४५० वॉटचा असतो आणि त्याला बाजारात चार इंची म्हणून ओळखली जाणारी, प्रत्यक्षात ११० मिलिमीटर व्यासाची चकती बसते. चकती मिनिटाला सुमारे १३,००० फेरे घेते. म्हणजे तिची कड ताशी जवळजवळ २७० किलोमीटर वेगाने धावत असते. चकतीवर जास्तीत जास्त किती फेऱ्यांसाठी ती बनवली आहे तो आकडा छापलेला असतो. तो यंत्राच्या फेऱ्यांपेक्षा कमी असेल तर ती चकती त्या यंत्राला लावू नये. मधले भोक आणि यंत्राचा दांडा यांचे माप तंतोतंत जुळले पाहिजे. सैल चकती कागदाची घडी घालून घट्ट बसवण्याचा प्रकार कामाच्या ठिकाणी मी पाहिला आहे, आणि तो जिवावर बेतू शकतो.

ग्रॅनाइटसाठी अखंड कडेची किंवा टर्बो प्रकारची (अखंड पण दंतुर-नागमोडी कडेची), आणि वेष्टनावर ग्रॅनाइटचा स्पष्ट उल्लेख असलेली चकती घ्यावी. खाचा असलेली खंडित कडेची चकती काँक्रीट आणि विटांच्या कामात भराभर चालते, पण पॉलिश केलेल्या दगडाच्या कडा ती कुरतडल्यासारख्या करते. चकतीच्या बाबतीत एक गोष्ट प्रथम उलटी वाटते: दगड जितका कठीण, तितका हिऱ्याचे कण धरून ठेवणारा धातू मऊ असावा लागतो. कठीण दगडावर हिऱ्याचे कण लवकर बोथट होतात. भोवतालचा धातू वेळेवर झिजला तरच ते गळून पडतात आणि खालचे नवे, धारदार कण वर येतात. मऊ दगडासाठी बनवलेली चकती ग्रॅनाइटवर चालवली तर तिचा धातू झिजत नाही, कड गुळगुळीत होऊन चमकू लागते आणि ती दगडावर नुसती घसरत राहते. अशी चमक आलेली कड पुन्हा जागी करण्यासाठी वाळू-सिमेंटच्या जुन्या ब्लॉकमध्ये ओले, उथळ असे पाच-सहा काप घ्यावेत. रेतीमुळे धातू खरवडला जातो आणि चकती पुन्हा चावू लागते. नवी चकती आणायला धावण्यापूर्वी हा उपाय जरूर करून पाहावा.

चकती बदलताना प्लग सॉकेटमधून काढलेलाच असावा. केवळ बटण बंद असणे पुरेसे नाही. चकतीवरील बाण आणि यंत्राच्या आवरणावरील बाण एकाच दिशेला असावेत. चकती धरून ठेवणाऱ्या दोन्ही वॉशरवरचा जुना चिखल पुसून काढावा, कारण त्या चिखलाच्या पापुद्र्यामुळेही चकती डुगडुगते. तडा गेलेली, वाकलेली किंवा कडेचा तुकडा निखळलेली चकती फेकून द्यावी. चकतीवरचे संरक्षक आवरण काढून काम करू नये. आणखी एक वाईट सवय आपल्याकडे फार पसरली आहे: याच यंत्राला लाकडाची दातेरी चकती लावून प्लायवूड कापणे. लाकडात दात अडकले की यंत्र क्षणात उसळून अंगावर येते. मार्बल कटर फक्त दगडासाठीच ठेवावा.

वीज आणि पाणी

ओल्या कामात विजेची काळजी दुप्पट घ्यावी लागते. १३०० वॉटचे यंत्र २३० व्होल्टला साडेपाच अँपिअरहून अधिक वीज घेते, म्हणजे साध्या लहान सॉकेटच्या क्षमतेच्या अगदी काठावर असते. म्हणून १६ अँपिअरचे मोठे सॉकेट वापरावे, आणि एक्स्टेन्शन लागलेच तर जाड तांब्याच्या तारेचे व तीन पिनांचे घ्यावे. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवलेला असावा आणि काम सुरू करण्यापूर्वी त्याचे चाचणीचे बटण दाबून तो पडतो याची खात्री करावी. साधा एमसीबी जादा भारापासून वायरिंग वाचवतो, पण माणसाला बसणारा झटका तो थांबवत नाही. आरसीसीबी नसलेल्या घरात ओले काम करू नये.

पाण्यासाठी ज्या यंत्राला निर्मात्यानेच नळीची जोडणी दिलेली आहे तेच यंत्र निवडावे. जोडीदाराने बाटलीतून वरून पाणी ओतायचे आणि आपण कापायचे ही पद्धत सर्रास दिसते, पण त्यात पाणी मोटारीच्या जाळीतून आत जाण्याचा धोका असतो. नळीतून बारीक धार चकतीच्या दोन्ही बाजूंवर पडावी एवढाच नळ उघडावा. एक्स्टेन्शनचा बोर्ड जमिनीवर न ठेवता स्टुलावर किंवा खिळ्याला टांगून ठेवावा. यंत्राची वायर सॉकेटकडे जाताना मध्ये खाली लोंबती राहील अशी ठेवावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी त्या खालच्या बिंदूशी गळून पडते आणि सॉकेटपर्यंत पोहोचत नाही. पायांत कोरडे रबरी बूट असावेत.

अंगावर काय असावे, तेही येथेच सांगतो. डोळ्यांना बाजूंनीही झाकणारा चष्मा, कानांत बोळे किंवा कानझाकणी, आणि नाकातोंडावर चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मास्क. तोंडाला बांधलेला रुमाल या धुळीपुढे निरुपयोगी आहे, आणि दाट दाढीवर चांगला मास्कही नीट बसत नाही. ओढणी, सैल बाही, गळ्यातली साखळी, बांगड्या हे सर्व आधी दूर करावे. हातमोजे घालायचे तर हाताला चपखल बसणारेच घालावेत.

आधार, आखणी आणि पट्टी

१८ मिलिमीटर जाडीच्या ग्रॅनाइटच्या एका चौरस फुटाचे वजन साडेचार किलोच्या आसपास भरते. दोन बाय दोन फुटांचा तुकडा म्हणजे १८ किलो, म्हणून तो दोघांनी उचलावा आणि आडवा न धरता नेहमी उभा धरून न्यावा. आडवा उचललेला दगड स्वतःच्या वजनाने मध्येच मोडू शकतो.

दगडाखाली सर्वत्र सपाट आधार हवा. मी जुने जाड प्लायवूड अंथरतो आणि चकती त्यात दोन-तीन मिलिमीटर उतरू देतो. पहिल्या वेळी मी दोन विटांवर फरशी ठेवून कापायला बसलो होतो. काप अठ्ठावीस इंचांपर्यंत सरळ आला आणि शेवटचे दोन इंच उरले असताना कापलेली बाजू वजनाने खाली झुकली. कट्‌ असा आवाज झाला आणि उंबऱ्याच्या कोपऱ्याचा त्रिकोणी तुकडा सुटून पडला. चूक चकतीची नव्हती, आधाराची होती. ठेवायचा भाग आणि टाकायचा भाग, दोन्हींना काप पूर्ण होईपर्यंत सारखाच आधार मिळाला पाहिजे.

कापाच्या जागी पॉलिश केलेल्या बाजूवर रुंद मास्किंग टेप दाबून बसवावी आणि गुण्या लावून तिच्यावर टोकदार पेन्सिलीने रेघ ओढावी. टेपमुळे रेघ पाण्यात पुसली जात नाही आणि कडेचे टवकेही कमी उडतात. या यंत्रात चकती दगडाच्या खालून वर येत फिरते, म्हणून टवके वरच्या, दिसणाऱ्या बाजूलाच उडतात. चकतीची स्वतःची जाडी सुमारे दोन मिलिमीटर असते आणि तेवढा दगड भुकटी होऊन जातो. तेव्हा चकती नेहमी रेघेच्या टाकाऊ बाजूला चालली पाहिजे, नाहीतर उंबरा पाच इंचांऐवजी अर्धा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) कमी भरतो आणि चौकटीशी फट दिसते.

नवशिक्याने हाताच्या अंदाजाने सरळ काप घेण्याचा प्रयत्न करू नये. ॲल्युमिनियमचा चौकोनी पाइप किंवा सरळ पट्टी दोन क्लॅम्पनी दगडावर आवळावी आणि यंत्राचा तळ तिला घासत पुढे न्यावा. चकतीपासून तळाच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून पट्टी रेघेपासून तेवढीच दूर लावायची असते. हे अंतर आधी टाकाऊ तुकड्यावर एक ओरखडा काढून पडताळून घ्यावे.

प्रत्यक्ष काप

यंत्राची खोली प्रथम फक्त दोन-तीन मिलिमीटरवर ठेवावी. पाणी सुरू करावे, मग चकती दगडाला न लावता यंत्र चालू करावे आणि पूर्ण वेग आल्याचा एकसारखा आवाज ऐकू आल्यावरच ती दगडावर टेकवावी. दोन्ही हात यंत्रावर असावेत. उभे राहताना किंवा बसताना अंग चकतीच्या सरळ रेषेत ठेवू नये, थोडे बाजूला असावे, कारण चकती कापात अडकली तर यंत्र त्याच रेषेत मागे झेपावते. बटण दाबून ठेवण्याची जी कळ असते ती लावू नये. बोट उचलताच यंत्र बंद झाले पाहिजे.

पहिला उथळ काप सर्वांत सावकाश घ्यावा, कारण कडेचा नीटनेटकेपणा इथेच ठरतो. रेघ संपेपर्यंत न थांबता, एकाच गतीने पुढे जावे. खाच तयार झाली की पुढच्या प्रत्येक फेरीत खोली पाच-सहा मिलिमीटरने वाढवावी. १८ मिलिमीटरच्या फरशीला अशा चार फेऱ्या लागतात. या कामात कान फार उपयोगी पडतात. पाण्यातून निघणारा जाड, एकसुरी घरघराट म्हणजे काम ठीक चालले आहे. आवाज खाली बसू लागला तर आपण यंत्र दाबत आहोत असे समजावे आणि हात सैल सोडावा. किंचाळल्यासारखा तीव्र आवाज, ठिणग्या किंवा वाफ दिसली तर पाणी पोहोचत नाही किंवा चकती बोथट झाली आहे. अशा वेळी लगेच थांबावे. तापलेल्या चकतीवर एकदम थंड पाणी मारू नये, तिला मोकळी फिरू देऊन निववावे.

काप रेघेपासून सरकला आहे असे दिसले तर यंत्र पिळून तो सरळ करण्याचा प्रयत्न करू नये. चकती खाचेत तिरपी झाली की अडकते. यंत्र बंद करावे, चकती पूर्ण थांबू द्यावी, बाहेर काढावी आणि पट्टी पुन्हा लावून उथळ कापापासून सुरुवात करावी. शेवटच्या फेरीत दूरच्या टोकाचे दोन इंच उलट्या दिशेने, त्या टोकाकडून आत येत आधीच कापून ठेवावेत, म्हणजे टोक मोडत नाही. चकती पूर्ण थांबल्याशिवाय यंत्र खाली ठेवू नये.

दाराच्या चौकटीसाठी उंबऱ्याच्या कोपऱ्यात खाच लागत असेल तर तिथे जास्त सावध राहावे. दोन काप जिथे मिळतात तो आतला काटकोन दगडाला सर्वांत कमकुवत करतो आणि तडा तेथूनच सुरू होतो. म्हणून त्या कोपऱ्यात आधी हिऱ्याच्या ड्रिलने ८ ते १० मिलिमीटरचे भोक पाडावे, त्यासाठी ड्रिल मंद गतीने चालवावे आणि जागा ओली ठेवावी, मग दोन्ही काप त्या भोकात आणून थांबवावेत. गोल चकतीमुळे वरून काप पुरा झालेला दिसला तरी खाली दगड शिल्लक असतो. तो काढण्यासाठी रेघेच्या पुढे काप वाढवू नये. तुकडा उलटा करून मागून तेवढाच भाग कापावा, कारण मागच्या बाजूचा वाढीव काप बसवल्यावर दिसत नाही.

कडा आणि आवराआवर

कापलेली कड सुरीसारखी धारदार असते, तिच्यावरून बोट फिरवू नये. कार्बोरंडमचा दगड किंवा हिऱ्याचे हातपॅड पाण्यात बुडवून तिरप्या कोनात घासावे आणि वरच्या कडेला एक ते दीड मिलिमीटरचा उतार द्यावा. न्हाणीघराच्या उंबऱ्यावर अनवाणी पाय पडतात, म्हणून हे काम टाळू नये. दिसणाऱ्या कडेला चकाकी हवी असेल तर क्रमाक्रमाने बारीक होत जाणारी पॅड वापरावी लागतात. हाताने ते फार वेळखाऊ होते, आणि माझ्या मते तेवढी एक कड दुकानातून पॉलिश करून आणणे बरे.

दुकानाचाच विचार आणखी एका बाबतीत करावा. स्वयंपाकाच्या ओट्याचा सात बाय दोन फुटांचा अखंड दगड साठ किलोंच्या पुढे जातो. त्यात सिंकची चौकोनी जागा कापली की पुढे-मागे अरुंद पट्ट्या उरतात आणि उचलताना त्या हमखास मोडतात. असे काप नवशिक्याने अंगावर घेऊ नयेत. ग्रॅनाइटच्या दुकानात मोठी, पाण्यावर चालणारी यंत्रे असतात आणि धावत्या फुटाच्या हिशेबाने काप मिळतो. तसेच सदनिकेत राहणाऱ्यांना उघडे अंगण नसेल आणि गच्ची वापरण्याची परवानगी नसेल, तर बंद न्हाणीघरात कापण्यापेक्षा माप घेऊन दुकान गाठावे.

काप संपल्यावर जमिनीवर जो राखाडी चिखल साचतो तो ओला असतानाच गोळा करावा. वाळला की तीच सिलिकेची धूळ पुन्हा हवेत उडते. कोरडा झाडू मुळीच लावू नये, ओल्या फडक्याने आणि खराट्याऐवजी रबरी पट्टीने चिखल ओढून बादलीत भरावा. ही बादली मोरीत किंवा पावसाळी पाइपात ओतू नये, कारण दगडाची भुकटी वळणात बसून पाइप चोंदते. बादली रात्रभर तशीच ठेवली की भुकटी तळाशी बसते. सकाळी वरचे निवळ पाणी काढून टाकावे आणि खालचा लगदा पिशवीत भरून बांधकामाच्या राडारोड्यात द्यावा. अंगावरचे कपडे घरात झटकू नयेत, ते बाहेरच काढून वेगळे धुवावेत. डोळ्यात कण गेल्यास डोळा चोळू नये, भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावा आणि टोचणे थांबले नाही तर डॉक्टरांना दाखवावे.

यंत्राचा प्लग काढून ते कोरड्या फडक्याने पुसावे, आवरणाच्या आत चिकटलेला चिखल काडीने काढावा आणि वायरीला कुठे चीर पडली नाही ना ते बोटांनी चाचपून पाहावे. उंबरा मात्र लगेच बसवू नये. दगडाने पाणी ओढलेले असते, म्हणून तो एक दिवस भिंतीला उभा टेकवून वाळू द्यावा, मागची बाजू ब्रशने स्वच्छ करावी आणि मगच त्याखाली ॲडहेसिव्ह पसरावे.